छाती साफ करून देणारी

रोह्याशेजारच्या अष्टमी गावात कुणाची मेडिकलची तारीख आली, की एजंटाच्या खालोखाल ती साबिराला कळायची. कुवेत असो, दोहा असो, दम्माम असो, व्हिसा हातात पडण्याआधी मुंबईला जाऊन रक्त द्यावं लागतं, छातीचा फोटो काढावा लागतो. त्या फोटोत नखाएवढा डाग दिसला तरी माणूस अनफिट. मग नोकरी नाही, विमान नाही. सगळ्या मोहल्ल्याने दुवा देऊन पाठवलेला गडी तीच बॅग घेऊन, मान खाली घालून घरी.

असं होऊ नये म्हणून लोक साबिराकडे यायचे. तिच्याकडे 'साफीचा कोर्स' होता. तारखेच्या आधी दोन जातींच्या अँटिबायोटिक गोळ्या, भरल्या पोटी, खोकला असो वा नसो. "खोकला नाय म्हणून काय झालं?" ती सांगायची. "पंख्यावर धूळ बसते तशी छातीत घाण बसते. आपल्याला दिसत नाय, फोटोत दिसते." गोळ्या पुलापलीकडच्या रोह्याच्या बाजारातून, जितेशच्या दुकानातून यायच्या. जितेश डॉक्टरची चिठ्ठी मागायचा नाही. "चाची, यावेळी कोण उडतंय?" एवढंच विचारायचा आणि पट्ट्या काढून द्यायचा. उरलेल्या गोळ्या कुवेतच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या, आणि तो डबा फळीवर, मसाल्याच्या बरण्यांशेजारी.

तिच्या हातून गेलेला माणूस कधी नापास झाला नव्हता. आता हे सगळे धडधाकट गडी. कोर्स घेतला नसता तरी पास झाले असते. पण ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, आणि साबिराच्या तर मुळीच नाही. कारण तिच्या डोक्यात अब्बास होता.

अब्बास तिचा थोरला भाऊ. तिचं माहेर धरमतरच्या खाडीकाठी. वडिलांची खारजमीन होती, खाडी आणि भात यांच्यामध्ये एक मातीचा बांध. एका भरतीला तो बांध फुटला आणि शेत खारं झालं. मग अब्बास सौदीला निघाला. आईने त्याच्यासाठी तांदळाच्या पिठाचे लाडू केले, साबिराने रुमालावर त्याचं नाव काढलं, आणि मुंबईच्या फोटोत डाग निघाला. कसला डाग, ते कुणी नीट सांगितलं नाही. अब्बास परत आला तेव्हा लाडू अजून डब्यात होते. नंतर तो वडखळच्या नाक्यावर एका हॉटेलात कामाला लागला आणि तिथेच म्हातारा झाला. लोक त्याला 'डागवाला अब्बास' म्हणायचे, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. साबिराला डागाइतकंच त्या ओ देण्याचं वाईट वाटायचं.

लग्नानंतर नवऱ्याची, अय्यूबची, तारीख आली तेव्हा ती जेमतेम विशीतली होती. एका कंपाउंडरने तिला सांगितलं की गोळ्यांचा कोर्स दिला तर छाती धुतल्यासारखी होते. तिने दिला. अय्यूब पास झाला, आणि केस पांढरे होईपर्यंत कुवेतमध्ये राहिला. त्या पैशावर हे घर उभं राहिलं. मग दीर गेले, दिरांची मुलं गेली, गल्लीतली पोरं गेली. साबिराच्या हाताला यश आहे असं बायका म्हणू लागल्या. ज्या बाईला कधी शाळेचा उंबरठा नीट ओलांडता आला नाही, तिला कुणीतरी हाताला यश आहे म्हणतं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि मग तिच्या मुलाची, यूनुसची, तारीख आली.

यूनुस दोह्यात एसी दुरुस्त करायचा. पहिला करार संपवून तो घरी आला होता, नव्या कंपनीचं पत्र आलं होतं, आणि गणपती होऊन गेल्यावर मेडिकल ठरली होती. अंगाने भरलेला, जिना चढताना दोन पायऱ्या एकदम घेणारा मुलगा. साबिराने त्याला इतरांपेक्षा लांबचा कोर्स दिला. आपला मुलगा म्हटल्यावर कसर कशाला ठेवायची?

गोळ्या सुरू झाल्या आणि त्याचं पोट बिघडलं. आधी नुसतं गुरगुरायचं, मग जुलाब सुरू झाले. जेवणावरची वासना गेली. सून बतूल उर्दू शाळेत शिकवायची; ती सासूला सहसा उलट बोलत नसे, पण त्या दिवशी म्हणाली, "अम्मी, यांना पेजसुद्धा राहत नाय पोटात. बंद करूया ना."

"घाण बाहेर पडतेय गो," साबिरा म्हणाली. "आता सोडला तर अर्धी आत राहील."

"पण घाण छातीत होती ना? मग ती खालून कशी पडते?"

ओसरीवर पेपर वाचणारा अय्यूब हसला. "मास्तरीण हाय ती. तिला उत्तर दे."

साबिराने पट्टीतून पुढची गोळी काढली. कोर्स पुरा केला.

त्याच सुमाराला रोह्यात फ्लूची साथ होती. बतूलच्या वर्गातली निम्मी मुलं घरी होती. बतूल ताप घेऊन आली, अंग दुखतंय म्हणत झोपली आणि उठून पुन्हा शाळेत गेली. मग अय्यूब खोकू लागला. त्याने सगळ्या घराला शिव्या घातल्या, काढा प्यायला, सुंठ हुंगली आणि बरा झाला. साबिराला नुसतं नाक गळण्यावर भागलं. शेवटी यूनुस आजारी पडला तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. घरातला सगळ्यात तगडा तोच, आणि छाती तर त्याचीच साफ केलेली.

ताप उतरला नाही. खोकला कोरडा होता, आणि आवाज असा की शेजारच्या घरातला रेडिओ बंद व्हायचा. एका सकाळी साबिरा चहा घेऊन गेली. यूनुस उशीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "अम्मी, हा चहा..." आणि थांबला. श्वास घेतला. "...नको." एवढंसं वाक्य, पण त्याच्या मधोमध त्याला थांबून श्वास घ्यावा लागला होता. साबिराने कप खाली ठेवला आणि अय्यूबला हाक मारली.

रोह्याच्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून पाहिला आणि म्हणाले, इथे वेळ घालवू नका, पेणला न्या.

गाडी नागोठण्याच्या रस्त्याला लागली. यूनुस मागच्या सीटवर, डोकं बतूलच्या खांद्यावर. साबिरा पुढे, पण अर्धी मागे वळलेली. त्याचा श्वास दिसत होता. गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जात होती, सुटत होती, पुन्हा ओढली जात होती. ती ओठांतल्या ओठांत आयत म्हणत होती आणि मधेच विसरत होती. लहानपणापासून पाठ असलेली आयत. हमरस्त्यावर ट्रकांची रांग होती. वडखळला गाडी पार थांबली. समोर तोच नाका, तेच हॉटेल. अब्बास आता त्यात नव्हता, वारला होता, पण साबिराने तिकडे पाहिलं नाही. खाडीवरून खारा वारा आत आला. यूनुसच्या नखांकडे तिचं लक्ष गेलं. जांभळाच्या सालीसारखी झाली होती.

"काच लाव," अय्यूब ड्रायव्हरला म्हणाला.

"नको," साबिरा म्हणाली. "त्याला हवा पाहिजे." आणि मग तिला कळलं की हवा भरपूर आहे. आत जात नाही, इतकंच.

रामवाडीजवळच्या एका खाजगी दवाखान्यात त्याला घेतलं. डॉक्टर स्पृहा पेणच्याच. आजोबांच्या जमिनी होत्या, आता घरात सगळे शिकून नोकरीधंद्याला लागलेले. चेहऱ्यावर मास्क, आवाज बारीक पण ठाम. यूनुसला ऑक्सिजन लावून, छातीचा फोटो काढून झाल्यावर त्यांनी साबिराला बाजूला घेतलं.

"चाची, याआधी घरी काही औषध दिलं होतं?"

"दिलं ना," साबिरा म्हणाली. तिचा आवाज एवढ्या भीतीतही थोडा वर चढला, कारण या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं. "छाती तर मी आधीच साफ करून घेतली त्याची. दोन जातींच्या गोळ्या, पुरा कोर्स. एक चुकवली नाय."

डॉक्टरांनी गोळ्यांची नावं विचारली. बतूलने पर्समधून रिकाम्या पट्ट्या काढून दिल्या. त्या उलटसुलट करून बघत डॉक्टर म्हणाल्या, "तेव्हा खोकला होता?"

"नाय."

"ताप?"

"नाय."

"मग या गोळ्या कुणाला मारायला दिल्या?"

साबिराला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "घाणीला," ती म्हणाली. "फोटोत डाग नको म्हणून."

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. साबिराने आयुष्यभर फोटोतल्या डागांचा धसका घेतला होता, पण डाग कधी पाहिला नव्हता. आता पाहिला. दोन्ही बाजूंना काळ्या जागेत पांढरं पसरलेलं, हिवाळ्यात नदीवर धुकं बसतं तसं. एक डाग नव्हे, सगळा डागच. आणि तिला नवल वाटलं, की त्या पांढऱ्याची आपल्याला लाज वाटत नाही. एवढंच विचारावंसं वाटतंय, की हा श्वास घेत राहील ना.

ते तिने विचारलं.

"फ्लूचा विषाणू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यावरचं औषध सुरू केलंय. ऑक्सिजन आहे. आजची आणि उद्याची परीक्षा."

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड संपल्यावर त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. बतूलने विचारलं होतं, की घरात सगळ्यांना तोच फ्लू झाला, मग यांनाच असं का? बतूल प्रश्न सोडत नसे.

"नक्की कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कधी कधी तरुण माणसाला उगाचच जोरात होतो. पण एक गोष्ट माझ्या मनात येते. आपल्या आतड्यात जीवाणू असतात, अक्षरशः अब्जावधी. रोगाचे नव्हेत. आपण खाल्लेल्या भाजीपाल्याचा, डाळीचा जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते खातात आणि त्यातून काही पदार्थ तयार करतात. ते पदार्थ रक्तातून सगळीकडे फिरतात, छातीपर्यंतसुद्धा जातात. छातीतल्या राखणदार पेशी त्या निरोपांवर सावध राहतात. विषाणू आला की लगेच हाकारा होतो. आणि काम झालं की आटोपतं घ्या, हेही त्यांना कळतं."

"आणि निरोप आला नाही तर?" बतूलने विचारलं.

"तर उशिरा जाग येते. तोवर विषाणू वाढलेला असतो. मग जाग आल्यावर शरीर इतकं खवळतं, की त्या मारामारीत फुफ्फुसाचंच नुकसान होतं. उंदरांना आधी अँटिबायोटिक देऊन मग फ्लू दिला, तर ते जास्त आजारी पडले, जास्त मेले. हे स्पष्ट दिसलंय. माणसांत अजून शोध चालू आहे. म्हणून तुमच्या यूनुसला त्याच गोळ्यांनी असं झालं, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या पोटातली वस्ती आजारपणाच्या आधीच उठून गेली होती, असं जुलाबांवरून वाटतं."

साबिराला उंदीर कळले नाहीत, पेशी कळल्या नाहीत. वस्ती कळली. त्यांच्या गल्लीत अर्धी घरं कुलूपबंद होती. माणसं आखातात, नाहीतर मुंब्र्याला. मागच्या साली भरदुपारी शेजारच्या घराची कडी कुणीतरी उचकटली होती. साबिरा दारात उभी राहून ओरडली होती, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दार उघडलं नव्हतं. उघडायला माणूसच नव्हतं. ती गल्ली आता तिला मुलाच्या पोटात दिसू लागली. आणि कुलपं आपण लावली.

"मग ती वस्ती परत कधी येते?" तिने विचारलं.

"येते हळूहळू. महिने लागतात. सगळी येते का, ते माहीत नाही."

माहेरचा बांध फुटला होता तेव्हा भरतीचं पाणी लगेच ओसरलं होतं. ऊन पडलं, जमीन पूर्वीसारखीच काळी दिसायला लागली. वडिलांनी हौसेने पेरलं. रोप वर आलं, पिवळं पडलं आणि बसलं. 'वरून चांगली दिसते,' वडील म्हणाले होते, मुठीत माती घेऊन, 'आतून अजून खारी हाय.' किती पावसांनी धुतल्यावर त्या शेतात पुन्हा भात आलं, ते साबिराला आठवेना. तिचं लग्न होईपर्यंत आलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

त्या दिवशी यूनुसचा ऑक्सिजन वाढवला.

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांना दुसऱ्याच्या आजाराबद्दल फार कळतं. विमलबाई म्हणून खाडीकाठच्या खारेपाटातली एक म्हातारी होती, तिचा नवरा आत होता. ती साबिराला पान देऊ करत म्हणाली, "तुज्या पोराला यांनी अजून जालीम इंजेक्शन नाय दिलं? निस्ता वारा घालतान बाय. वारा काय, आमच्या बांधावर फुकट हाय."

अय्यूबलाही तेच खुपत होतं. तो डॉक्टरांना जाऊन भेटला. "मॅडम, अँटिबायोटिक का नाय देत? भारीतलं द्या. आपली तयारी हाय."

"रक्ताच्या तपासणीत दुसरं इन्फेक्शन दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दिसलं तर त्याच तासाला देईन, हात आखडणार नाही. पण विषाणूवर ते चालत नाही, काका. आणि त्याच्या पोटात जे काही उरलंय, ते मला आत्ता विनाकारण घालवायचं नाही."

"जे काही उरलंय," अय्यूब बाहेर येऊन म्हणाला. "पोर श्वासाला तडफडतंय, आणि या बाईला त्याच्या पोटातले किडे वाचवायचे हायत."

दुसऱ्या दिवशी तो कपडे आणायला म्हणून अष्टमीला गेला. दुपारी भेटायच्या वेळेला परत आला तेव्हा त्याच्या हातात शहाळ्याचं पाणी भरलेली बाटली होती. त्याने साबिराला जिन्याखाली नेलं आणि खिशातून एक पट्टी काढली. साबिराने ती लगेच ओळखली. तिच्याच डब्यातली होती.

"चुरून पाण्यात घाल," तो हळू म्हणाला. "नारळपाणी द्यायला त्यांनी सांगितलंच हाय. कोण बघतंय?"

"डॉक्टर नको म्हणाल्या."

"तुझ्या हातून आजवर कोण पडलं? सांग, एक नाव सांग." त्याने पट्टी तिच्यापुढे धरली. "माझं यश तुझ्याच हातातलं ना गो? मग पोराच्या वेळेलाच का मागे सरतेस?"

असं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. तिने पट्टी घेतली.

आत एकच माणूस सोडायचे. यूनुस मास्क लावून पडला होता. अंगातलं सगळं मांस जणू कुणी रात्रीत नेलं होतं. पोट आत गेलं होतं, वरची चादर तिथे खोलगट झाली होती. ऑक्सिजनचा बारीक, न थांबणारा आवाज. नर्स पलीकडच्या खाटेशी, पाठ करून. साबिराने वाटीत पाणी ओतलं. पट्टीवर अंगठा दाबला. चंदेरी कागद फाटला आणि गोळी अर्धी बाहेर आली.

यूनुसने डोळे उघडले. त्याने आईकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि मास्क थोडा खाली सरकवून तोंड उघडलं.

त्याने काही विचारलं नाही. कसली गोळी, डॉक्टरांनी दिली का, काही नाही. लहानपणी तापात उघडायचा तसंच, पाखराच्या पिलासारखं, डोळे मिटून उघडलं. ओठ सुकून भेगाळले होते.

साबिराला इतकी भीती याआधी कधी वाटली नव्हती. वडखळला नाही, फोटो पाहिला तेव्हाही नाही. तिला गल्लीतली सगळी पोरं आठवली, तिच्या ओसरीवर ओळीने बसून हात पुढे करणारी. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. दिली तर? नाही दिली तर? दिली आणि हा गेला, तर ते फक्त तिला आणि अय्यूबला कळेल. नाही दिली आणि गेला, तर सगळी अष्टमी म्हणेल की हातात औषध होतं आणि आईने दिलं नाही. दोन्हीकडे अंधार होता, आणि मधे हे उघडं तोंड.

तिने चमच्याने नुसतं नारळपाणी त्याच्या ओठांत सोडलं. मग मास्क सारखा केला. पट्टी कमरेला खोचली, आणि चादरीखाली हात घालून त्याच्या पोटावर ठेवला. पोट गरम होतं. आत काही हलत नव्हतं. ती तशीच बसली, शेत परत जिवंत झालं का ते बघायला वडील ओल्या मातीवर तळवा टेकवून बसायचे तशी. बराच वेळ. नर्स येऊन म्हणाली, "चाची, वेळ संपली," तेव्हाही तिला हात काढवेना. काढला तर श्वास थांबेल असं वाटत होतं.

बाहेर अय्यूब उभाच होता. "दिलीस?"

"नाय."

"मग आत एवढा वेळ काय केलंस?"

"काय नाय केलं," साबिरा म्हणाली आणि बाकावर बसली. विमलबाईने सरकून तिला जागा दिली. अय्यूबने तिच्या कमरेची पट्टी पाहिली, फाटलेला कागद, अर्धी बाहेर आलेली गोळी. ती दोघं शेजारी शेजारी बसली, पण त्या संध्याकाळी त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. साबिरा आत जाणाऱ्या प्रत्येक नर्सच्या चपलांचा आवाज ऐकत होती. आवाज घाईचा झाला की ती उठून दारापर्यंत जायची.

ऑक्सिजन त्यानंतर वाढवावा लागला नाही. कमी व्हायला मात्र वेळ लागला. एका सकाळी डॉक्टर स्पृहांनी मास्क काढून नाकात नळी घातली आणि यूनुस एका दमात म्हणाला, "अम्मी, भूक लागलीय." पुरं वाक्य, मधे न थांबता. अय्यूब भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलताना बतूलने पाहिले, सांगितलं मात्र कुणालाच नाही.

घरी आल्यावर यूनुस जिना एकेक पायरी करत चढायचा. साबिराने त्याच्यासाठी उकड्या तांदळाची पेज केली, मग ताक, मग लाल माठ, मग कुळथाचं पिठलं. पहिल्या पहिल्यांदा थोडं काही खाल्लं की पोट बिघडायचं. ती रोज विचारायची, आज पोट कसं हाय? तो चिडायचा. "अम्मी, छाती आजारी होती माझी."

"तेच विचारतेय," ती म्हणायची.

मोहल्ल्यात बोलणं झालंच. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, साबिराच्या हातचं यश संपलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईचा मुलगा बहरीनला निघाला होता. ती आली, बसली, चहा प्यायली, आणि साबिरा उठून डबा काढत नाही हे बघून निघून गेली. दोन दिवसांनी कळलं, जितेशकडून तिने स्वतःच गोळ्या नेल्या. साबिरा पुलापलीकडे जाऊन जितेशला म्हणाली, नको देत जाऊ रे अशा. तो म्हणाला, "चाची, तुमच्याच तर शिकवणीतले हायत सगळे." तो हसत म्हणाला, पण ते हसू तिला घरापर्यंत बोचत राहिलं.

यूनुसची तारीख हुकली होती. कंपनीने खळखळ करत थांबायचं कबूल केलं, आणि थंडीत नवी तारीख मिळाली. त्याआधी डॉक्टर स्पृहांनी पुन्हा फोटो काढला. धुकं विरलं होतं, खालच्या कोपऱ्यात एक फिकट रेघ तेवढी होती. "जाईल ही," त्या म्हणाल्या. "बहुतेक." साबिराला त्या 'बहुतेक'ने झोप येईना. मुंबईचा माणूस त्या रेघेला काय म्हणेल? पुन्हा अब्बास, पुन्हा नाका, पुन्हा ते ओ देणं.

आणि जायच्या आदल्या दिवशी यूनुस शिंकला.

गल्लीत पोरांना सर्दी होतीच. संध्याकाळपर्यंत त्याचं नाक वाहू लागलं, सकाळी खोकला आला. कोरडा नव्हता, साधाच होता. पण तो आवाज ऐकून साबिराच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. यूनुस बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. त्याची नजर फळीकडे गेली. डबा तिथेच होता. तिने फेकला नव्हता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"अम्मी," तो म्हणाला, "एखादी देतेस का? निदान फोटोपुरती."

अय्यूब ओसरीवरून ऐकत होता. बतूल पाण्याची बाटली भरत होती, तिने नळ बंद केला.

साबिराला त्याचं ते उघडलेलं तोंड आठवलं. "पेज पिऊन जा," ती म्हणाली. "गरम हाय."

"आणि नापास झालो तर?"

"तर घरी ये."

त्याने उभ्याउभ्याच पेज प्यायली, कांद्याच्या फोडीबरोबर. मग आईच्या कपाळाला हात लावून निघाला. ती दारापर्यंत गेली, पुढे गेली नाही. तो कुलूपबंद घरांवरून चालत गेला. वळणावर त्याला खोकला आला, त्याने तोंडावर रुमाल धरला, पुन्हा चालू लागला. वळणाआड गेल्यावरही खोकला ऐकू येत होता. साबिरा चौकट धरून तो ऐकत राहिली. आत खळखळ आहे का, घरघर आहे का, दोन खोकल्यांमध्ये श्वास पुरतोय का.

मग रिक्षा सुरू झाली आणि काहीच ऐकू येईना. तेव्हा तिला जास्त भीती वाटली.